गुऱ्हाळात शिजवलेलं कोल्ड्रिंक

मक्याचं गोड पाणी करतात आणि ते अख्खा देश पितो, हे मला माझ्या धाकट्या मुलाने अमेरिकेत एका दुकानात उभं राहून सांगितलं. मी त्याला म्हटलं, "तू माले येडा समजी ऱ्हायना का?" तो हसला. माझी शाळा चौथीपर्यंत, चौथीचीही परीक्षा दिली नाही, म्हणून घरात सगळ्यांचा समज असा की आबांना काहीही सांगितलं तरी खपतं. बाकी कशातही खपू दे. उसात खपणार नाही. माझं सगळं आयुष्य उसाच्या बांधावर गेलं, आणि गुऱ्हाळाच्या धुराने डोळे लाल झाले ते अजून लालच आहेत.

दुकान म्हणजे आपल्या म्हसावदचा सगळा बाजार एका छताखाली आणून ठेवावा तेवढं. त्यात एक लांबच लांब भिंत नुसती बाटल्यांची. काळं पाणी, पिवळं पाणी, हिरवं पाणी. मुलाने एक बाटली फिरवली आणि पाठीमागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. म्हणाला, "इथं लिहिलंय आबा. मक्याचा पाक. साखर नाहीच यात."

"ऊस नही पिकत का यासले?"

"पिकतो, पण खाली गरम भागात, थोडासा. बाहेरची साखर स्वस्तात आत येऊ देत नाहीत. मका मात्र ढिगाने पिकतो आणि त्याला सरकार हात देतं. मग कंपन्यांना पाक स्वस्त पडतो."

म्हणजे तिथेही तेच. कोणत्या पिकाने गोड व्हायचं हे शेतकरी ठरवत नाही, जीभही ठरवत नाही. कोणीतरी भलताच ठरवतो.

त्याच्या आधी मुलाने मला गाडीत बसवून मक्याची शेतं दाखवली होती. आभाळ टेकेल तिथपर्यंत मका, मध्ये ना बांध ना झाड. मी खाली उतरून पानाला हात लावला होता, कणीस दाबून पाहिलं होतं, मला बरं वाटलं होतं. वाटलं, काय सुखी लोक आहेत, किती भाकरी होतील याच्या! आणि आता कळलं की त्यातली भाकर कोणी खातच नाही. ढोरांना जातो, गाड्यांच्या तेलात जातो आणि या बाटल्यांत जातो. मला त्या दुकानात असा राग आला की मी पाणीसुद्धा विकत घेऊ दिलं नाही. हॉटेलात गेलो तर पोरं पेल्यावर पेले भरून पितायत, रिकामा झाला की नळ दाबायचा, पुन्हा भरायचा, फुकट. मी मुलाच्या पेल्यातला एक घोट घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हाऊ गोडवा खोटा शे. टाळूले चिकटी ऱ्हास."

सून म्हणाली, "आबा, तुम्हाला सांगितलं म्हणून तसं लागतंय."

 पण परत आल्यावर गावात पारावर बसलो की सांगायचो, मक्याची साखर आणि उसाची साखर माझी जीभ अंधारातही वेगळी काढेल. लोक ऐकायचे. ऐकणारच. आमच्या भागात गूळ चाखून कोणत्या मळ्याचा ते सांगणारा माणूस कोण, तर माझं नाव निघतं. निघत होतं.

घरी आलो तर इथेही मकाच पुढे येऊन बसलेला. मोठा मुलगा शेती पाहतो. बोलतो कमी, पण एकदा एक गोष्ट डोक्यात घेतली की तीच ती. विहिरीजवळच्या तुकड्यातला ऊस त्याला नको होता. बाकीचा ऊस आम्ही कारखान्याला घालतो, त्याला माझं काही म्हणणं नाही, पण विहिरीजवळचा तुकडा आमच्या गुऱ्हाळाचा. दर वर्षी थंडीत तो तुटतो, त्याचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो आणि आमच्या घरच्या गुळाच्या ढेपा होतात. ऊस तोडला की बुडखा राखायचा, तो पुन्हा फुटतो, त्याला खोडवा म्हणतात. मोठ्याचं म्हणणं, या वर्षी खोडवा राखायचा नाही. नांगर घालायचा आणि उन्हाळी मका पेरायचा. विसरवाडीच्या नाक्यावर मक्याच्या व्यापाऱ्यांचे ट्रक उभे राहतात, ते शेतात येऊन माल उचलतात.

"कोठे जास तो मक्का?" मी विचारलं.

"स्टार्चना कारखानामा."

"तठे काय करतस त्यानं?"

त्याने ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाला, "पावडर करतस. पाक करतस. बिस्किटसमा, गोळ्यासमा टाकतस."

म्हणजे मी समुद्र ओलांडून जे पाहून आलो आणि ज्याच्यावर थुंकून आलो, ते माझ्या विहिरीच्या पाण्यावर पिकवायचं! मी ताट बाजूला सारलं. त्या दिवशी मी घरात जेवलो नाही. बायको म्हणाली, "नका जेवू. मक्काले काय फरक पडस?"

गुऱ्हाळ बंद करायचं म्हणजे नुसतं चुलाण, काहिलीखालची मोठी चूल, विझवायचं नसतं. आमच्याकडे पाक पाहायला एक माणूस येतो, आम्ही त्याला गुळव्याच म्हणतो. धडगावच्या वर डोंगरातल्या एका पाड्याचा पावरा आदिवासी आहे. घरी त्याची पावरी बोली, आमच्याशी आमची अहिराणी बोलतो. तरुणपणी ऊस तोडायला खाली आला, माझ्या बापाने त्याला काहिलीजवळ उभं केलं आणि तेव्हापासून थंडी पडली की जीपने घाट उतरून बायकोसकट येतो, खळ्यात झोपडी टाकतो, आमचा ऊस संपला की आजूबाजूच्या दोन-चार शेतकऱ्यांचा ऊस आमच्याच काहिलीत शिजवतो. वर्षाचं त्याचं त्यात निघतं. त्याच्याशी मी भांडतो तेवढा बायकोशीही भांडत नाही. तो म्हणतो पाक झाला, मी म्हणतो नाही झाला.

या थंडीत धाकटा सुट्टीवर आला. एकटाच आला, बायकोपोरं तिकडेच. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल, कारण त्यानेच मला ती बारीक अक्षरं वाचून दाखवली होती. पण भावाभावाचं फोनवर आधीच बोलणं झालेलं. गुऱ्हाळ चालू होतं, चिपाडं जळत होती, काहिलीवर रसातली घाण, मळी, तरंगत होती, गुळव्या झारा घेऊन उभा, शेजारचे दोघे-तिघे ताजी काकवी घ्यायला भांडी घेऊन बसलेले. अशा सगळ्यांसमोर धाकटा म्हणाला, "आबा, दादा बरोबर बोलस. आते मक्कानाच जमाना शे. तठे मोठमोठ्या कंपन्या मक्का वापरतस, लोकेसले फरक कळत नही."

"तुन्हा लोकेसले नही कळत. माले कळस."

"कोनलेच नही कळत, आबा."

"माले कळस!"

आता तो हसला नाही. घरात गेला आणि बॅगेतून कपड्यात गुंडाळलेल्या बाटल्या घेऊन आला. काचेच्या दोन आणि प्लॅस्टिकची एक. एकाच कंपनीचं तेच काळं कोल्ड्रिंक. प्लॅस्टिकचं तिथलं, मक्याच्या पाकाचं. काचेचं शेजारच्या मेक्सिकोत भरलेलं, त्यात उसाची साखर, आणि तिथले शौकीन लोक म्हणे जास्त पैसे देऊन तेच घेतात. माझ्यासाठी म्हणूनच आणलं होतं त्याने, एवढ्या लांबून, बॅगेत फुटेल याची भीती धरून. मला खूश करायला आणलं होतं, हे मला माहीत आहे. पण त्या वेळी माझ्या अंगात आग होती.

मी म्हटलं, "दोन पेला भर. मी सांगस कोनतं ऊसनं शे."

"आनि नही वळखं तर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तर मोडा ऊस. खोडवा राखू नका. पेरा मक्का."

बायको दारातून ओरडली, "आवं, काही जिभले लगाम शे का नही?" शेजाऱ्यांनी भांडी खाली ठेवली. गुळव्याने झारा थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, "तू पाक देख. जळी जाई."

धाकट्याने आईच्या आरशावरची एक टिकली काढली, आत जाऊन स्टीलच्या एका पेल्याच्या बुडाला ती चिकटवली आणि दोन्ही पेले भरून आणले. टिकली म्हणजे ऊस. खाटेवर ठेवताना त्याने पेले इतके फिरवले की बूड पाहिल्याशिवाय त्यालाही कळू नये. मी फेस बसू दिला. चूळ भरली. तंबाखू सकाळपासून खाल्ली नव्हती, तरी भरली. पहिल्या पेल्याचा घोट घेतला, तोंडात फिरवला. मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा.

काय सांगू! गूळ चाखताना मला माती कळते, पाणी खारं की गोडं ते कळतं, खत कोणतं घातलं ते कळतं. या पाण्यात काहीच नव्हतं. नाकात झणका, जिभेवर आंबट, मागे गोड, आणि गोड दोन्हीकडे सारखंच. उसाचं काही त्यात उरलंच नव्हतं तर जीभ शोधणार काय? पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उजवा पेला पुढे सरकवला आणि म्हटलं, "हाऊ ऊसना."

धाकटा लगेच म्हणाला, "बरोबर, आबा."

शेजाऱ्यांनी हो हो केलं. एकाने टाळी वाजवली. मोठ्याने मान खाली घातली. आणि मी धाकट्याकडे बघत राहिलो, कारण त्याने "बरोबर" म्हटलं तेव्हा पेला अजून खाटेवर होता. बूड त्याने पाहिलंच नव्हतं. नंतर उचलला, घाईत बूड पाहिलं आणि ठेवून दिला.

मला माझ्याच पोराने माझ्याच खळ्यात भीक घातली. हरलो असतो तर मी उठून घरात गेलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, संपलं असतं. पण म्हाताऱ्याला जिंकवून द्यायचं? मी कुस्तीच्या फडात पडलोय, सोसायटीच्या निवडणुकीत पडलोय, पण कोणी मला हाताला धरून जिंकवलं नाही.

मी म्हटलं, "जीभनं जाऊ द्या. चुलान काय सांगस ते देखू."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"दोन्ही पानी आटाडू. ऊसनं व्हई तर गूळ बनी. मक्कानं व्हई तर चिकट ऱ्हाई. चुलान कोनाले वळखत नही."

उसाचा पाक नीट शिजला की घोटताना त्याला दाणा पडतो आणि तो थिजतो. मक्याच्या पाकाला दाणा पडत नाही, हे मला तिकडे मुलानेच सांगितलं होतं. तो नको नको म्हणायला लागला. तेव्हा त्याचं "बरोबर" खोटं होतं, अशी माझी खात्रीच झाली. चुलाणाच्या बाजूच्या भोकावर एक कढई, शेगडीवर दुसरी. एकीत काचेच्या बाटल्यांतलं, दुसरीत प्लॅस्टिकच्या बाटलीतलं. गुळव्या खाली बसला. अमेरिकेचं कोल्ड्रिंक धडगावच्या डोंगरातल्या माणसाने पळीने ढवळायचं, याचं शेजाऱ्यांना फार हसू येत होतं. एक म्हणाला, "आबा, ढेप कोन घेई यानी? साहेबले धाडा."

आमच्या हाताला एक सवय आहे. रस उकळला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालायचं, म्हणजे मळी वर येते. रस आंबूस असला तर चुन्याची निवळी घालायची, म्हणजे गूळ बसतो. गुळव्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. दोन्ही कढयांत भेंडीचं पाणी गेलं, दोन्हीत चुना गेला.

धाकटा कपाळाला हात लावून म्हणाला, "आबा, कोल्ड्रिंकमा चुना कसाले?"

"आंबट शे ते. आंबटले चुना लागस."

आणि मळी निघाली! पांढरी, दह्यासारखी फुटून वर आली. बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं होतं ते आटलं. एक जण म्हणाला, "हाई पेतस लोके?" मला जरा बळ आलं. मळी काढली, जाळ वाढवला. पाणी आटत आटत बुडाशी गेलं, जळकट वास सुटला. आमच्या गुळाचा वास वाटेवरच्या माणसाला थांबवतो, हा वास माणसाला पळवतो. गुळव्याने दोन्हीतला थेंब थंड पाण्यात टाकून पाहिला, दोन ताटल्यांत दोन पाक ओतले आणि लाकडी उलथन्याने घोटायला लागला.

आम्ही बसलो. एवढ्या वेळात आमचा गूळ दगड होतो. काचेच्या बाटलीचा पाक थिजेना. प्लॅस्टिकचा तर थिजणारच नव्हता. दोन्ही ताटल्यांत काळा डिंक. मी बोट घातलं, बोट वर उचललं तर ताटली बोटाबरोबर उचलली गेली. दुसऱ्या ताटलीत घातलं, तेच. दोन्ही सारखे. मी गुळव्यावर ओरडलो, "तू जाळं!" तो म्हणाला, "मी नही जाळं, आबा. तुम्ही समोर बशेल व्हतात."

तोवर धाकट्याने फोनमध्ये डोकं घातलं होतं. तो हळू आवाजात सांगायला लागला, आता खरं सांगायच्या आवाजात. उसाची साखर आंबट पाण्यात पडून राहिली की तुटते. तिचे दोन तुकडे होतात, आणि मक्याच्या पाकातही तेच दोन तुकडे असतात. बाटली भरल्यावर महिन्या-दोन महिन्यांत उसाचं कोल्ड्रिंक आतल्या आत मक्याच्यासारखंच व्हायला लागतं. चुना घालून आंबटपणा गेला तरी तुटलेली साखर परत जुळत नाही. गूळ कुठून बसणार?

हे तर मला ठाऊक होतं. ऊस तोडून उन्हात पडू दिला, रस आंबला, तर कितीही चुना घाला, त्याचा गूळ बसत नाही. काकवीच राहते, मऊ, पाणी सुटणारी. माझ्या बापाने तसल्या उसाची गाडी परत पाठवलेली मी पाहिली आहे. तोच शिळा ऊस त्यांनी काचेच्या बाटलीत भरला होता, वर उसाचं नाव छापलं होतं, आणि शौकीन लोक त्या नावाचे पैसे देत होते. मक्याच्या पाण्यावर मी इतके दिवस चिडून होतो. त्याने निदान पाठीवर लिहून ठेवलं होतं की मी मका आहे. हे काचेतलं तर माझ्याच उसाचं नाव लावून फिरत होतं. आणि त्याची बाजू घेऊन मी गावासमोर बसलो होतो!

मी धाकट्याला विचारलं, "मी कोनता पेला सांगा व्हता?"

त्याने फोन खिशात घातला.

"कोनता?"

"मक्काना," तो म्हणाला. "टिकली डावा पेलाले व्हती."

"मंग बरोबर कसाले म्हने?"

"तुम्हले वाईट लागी म्हनीसन."

"माले वाईट लागी? मी काय तुन्हा आंगनमा बशेल पोर शे?" मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारी भांडी उचलून गेले, काकवी न घेताच. मी मोठ्याला हाक मारली आणि सांगितलं, या तुकड्यातला शेवटचा ऊस तुटला की खोडव्यात नांगर घाल.

वर्षभर मका मका करणारा मोठा मुलगा उभाच राहिला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. खेळखेळमा बोलाई गयं. राखू खोडवा."

"मी खेळत नव्हतू."

"दोन्ही सारखंच निंघनं ना? मंग कोनी हारनं नही."

"मी पेला सांगा. तो चुकना. माले वकिली शिकाडू नको."

बायको मध्ये पडली. ती माझ्याशी असं बोलत नाही कधी, पण त्या दिवशी बोलली. "तुम्हना शब्द मोठा, नि घरना गूळ लहान. मंग खा शब्द." मी तिलाही ऐकून घेतलं नाही. मी एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. पोराने दिलेलं जिंकणं मी घेतलं नाही, तर आता बायकोने दिलेली माफी कशी घेऊ?

गुळव्या ताटल्या घासत होता, चिपाडाच्या राखेने. निघत नव्हत्या. तो वर न पाहता म्हणाला, "आबा, जीभ तुम्हनी चुकनी. चुलान मन्हं कसाले इझाडतस?"

  मी रागाने विहिरीकडे गेलो, आणि तिथे उभ्या उसाकडे बघितलं की आणखी राग येत होता, म्हणून परतही आलो.

ऊस संपला. शेवटच्या काहिलीचा गूळ असा पिवळाधमक उतरला की मला तो बघवेना. शेजाऱ्यांना निरोप गेला की आमचं चुलाण पुढच्या थंडीत पेटेल याचा भरवसा नाही, त्यांनी ऊस कारखान्याला द्यायचं ठरवलं. गुळव्या झोपडी मोडून निघाला. दर वर्षी जाताना तो माझ्या पाया पडतो आणि मी त्याला ढेप देतो. या वेळी ढेप त्याने घेतली, बायकोच्या हातून. माझ्याकडे न बघता जीपमध्ये बसला. धाकटाही परत गेला. जाताना म्हणाला, "आबा, चुकलं मन्हं." मी म्हटलं, "तठे जाईसन पेत ऱ्हाय."

मोठ्याने नांगर घातला. बुडखे वर आले, वाळले, जाळले. मका पेरला. आणि मका आला, काय सांगू, असा आला की रस्त्याने जाणारे थांबायला लागले. विहिरीचं पाणी, वर्षानुवर्षं उसाचा पाला कुजलेली जमीन. मला तो वाईट यायला हवा होता. मी बांधावरून जाताना त्याच्याकडे बघायचो नाही, पण रात्रीचं पाणी चुकलं तर मोठ्याला शिव्याही मीच द्यायचो. पीक म्हटल्यावर त्याचा काय दोष!

ऊन तापलं तशी मळणी झाली. खळ्यात ढीग पडला. आणि एका सकाळी विसरवाडीहून व्यापाऱ्याचा ट्रक दारात. ड्रायव्हर, काटेवाला, पोती. मोठ्याने मला विचारलं नाही, विचारायचं काय, ठरलेलंच होतं.

मी माझी खाट उचलली, ढिगावर नेली आणि वर बसलो.

मोठा म्हणाला, "आबा, काय करी ऱ्हायनात?"

"बशी ऱ्हायनू."

"उतरा. माल भराना शे."

"मी काय बोलना व्हतू? ऊस मोडीसन मक्का पेरा, इतलंच. मोडाई गया. पेराई गया. मन्हा शब्द पुरा व्हयना. त्याना पाक करू दिसू असं मी कधी म्हनेल नही."

ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. मोठ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मंग इतला मक्का कोन खाई? तुम्ही?"

"ज्या मक्काच खातस त्या खातीन. वर डोंगरमा पावसाळाले कोठी रिकामी ऱ्हास. धडगावना बाजारमा इक."

"घाट चढाडू? जीपमा? ट्रक दारमा उभा शे, आबा!"

"मी बी दारमाच शे."

ट्रकवाल्याने दुपारपर्यंत वाट पाहिली. उन्हाने डोक्यावरचा रुमाल तापला, खाटेखालचे दाणे घसरले की खाट एका बाजूला कलायची, मी पुन्हा सरळ करायचो. बायकोने पाणी आणून दिलं. काटेवाला म्हणाला, "बाबा, उतरा, आम्हाले दुसरं गाव शे." मी म्हटलं, "मंग जा." शेवटी मोठा ट्रकजवळ गेला, काहीतरी बोलला, हात जोडले, आणि ट्रक मागे मागे करत वळला आणि गेला.

तो परत आला आणि ढिगाखाली उभा राहून माझ्यावर ओरडला. मी त्याला जन्मात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाला, तुम्हाला ऊस पण पाहिजे, शब्द पण पाहिजे, आणि घाट मात्र मी चढायचा. शब्द तुमचा, पण पोती माझ्या पाठीवर. मी म्हटलं, हो. खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी त्याने ढिगाजवळ उभं राहून गुळव्याला स्पीकरवर फोन लावला. मी ऐकत होतो. गुळव्या म्हणाला, बाजाराच्या दिवशी आणा, मी उभा राहतो, माझी माणसं घेतील, पण उधारी नाही आणि आबांनी भाव सांगायचा नाही, मी सांगेन. मोठ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग गुळव्याने विचारलं, "आबा कोठे शेतस?"

"ढिगवर बशेल शेतस," मोठा म्हणाला.

तिकडून हसण्याचा आवाज आला का, ते मला सांगता येणार नाही. माझे कान पूर्वीसारखे राहिले नाहीत.

आता बाजाराच्या दिवशी जीप भरून जाते. मोठा आल्यावर पैसे आईच्या हातात देतो. भाकरीसाठी जाणारा मका हळूहळू कमी होतोय, आणि व्यापाऱ्याचा फोन अजून येतो. म्हणून खाट मी खाली आणलेली नाही. पुढच्या थंडीत त्या तुकड्यात काय लावायचं ते मोठ्याने अजून मला विचारलं नाही. मीही सांगितलेलं नाही. तो विचारेपर्यंत मी सांगणार नाही, आणि मी सांगेपर्यंत तो विचारणार नाही, असं आमचं चाललंय. शेत नांगरून उघडं पडलंय.